हापूस हे कुणाचं नाव?



या सदरात आपण आजवर मुलामुलींच्या नावांविषयी बरंच बोललो. या खेपेला मात्र ज्याच्याविषयी पत्र आलंय, ते नाव तुमच्या-माझ्या घरात कुठल्याच मुलाला ठेवलेलं नाही, आणि तरीही चैत्र-वैशाखात ते दिवसातून दहा वेळा आपल्या तोंडी येतं!

जामसंड्याच्या एका भगिनीनं लिहिलं आहे : "आमची हापूसची चाळीस कलमं आहेत. सासऱ्यांनी कातळात सुरुंगाचे खड्डे मारून, बाहेरून माती आणून लावलेली. घरचं वर्षाचं सगळं त्यांच्यावरच चालतं. माझा भाऊ बोटीवर नोकरीला आहे. त्याच्या बोटीवर अल्फान्सो नावाचा एक इटालियन खलाशी आहे. भावानं सांगितलं, की हापूस म्हणजे अल्फान्सोच, हे मूळ माणसाचं नाव. हे ऐकून माझा मुलगा म्हणायला लागला, 'म्हणजे आपला आंबा परदेशी!' सासूबाईंना राग आला. त्या म्हणाल्या, 'नाव खयचाय असांदे, आंबो आमचो.' आता तुम्हीच सांगा, यातलं खरं काय?"

भगिनींनो, खरं सांगायचं तर तिघंही बरोबर आहेत. भाऊही, मुलगाही थोडासा, आणि सासूबाई तर सगळ्यात जास्त! कसं ते पाहू या.

अल्फान्सो म्हणजे काय?

हे नाव आज इटलीत, स्पेनमध्ये, पोर्तुगालमध्ये सगळीकडे आढळत असलं, तरी जन्मानं ते यांपैकी कुठलंच नव्हे. पाचव्या शतकात उत्तरेकडून गॉथ लोकांच्या टोळ्या स्पेनमध्ये उतरल्या. त्यांच्या जर्मन कुळातल्या भाषेतलं हे नाव. त्याची फोड साधारणपणे 'थोर' आणि 'सज्ज' अशी करतात. म्हणजे आपल्याकडच्या 'रणवीर', 'जयसिंग' या जातीचं हे लढवय्या नाव.

पुढे ते राजांचं नाव झालं. आठव्या शतकात स्पेनच्या उत्तरेला आस्तुरियाचा पहिला अल्फान्सो राज्य करीत होता. बाराव्या शतकात पोर्तुगालचं स्वतंत्र राज्य उभं केलं, तो अफोन्सो एन्रिकेश. पोर्तुगालच्या गादीवर या नावाचे सहा राजे होऊन गेले. स्पेनमध्ये तर तेरावा अल्फान्सो १९३१ सालापर्यंत गादीवर होता. राजाचं नाव प्रजेनं उचलायचं, हा रिवाज जगभर सारखाच. आपल्याकडे घराघरांतून शिवाजी आणि संभाजी झाले, तसे तिकडे अल्फान्सो.

इटलीत हे नाव रुजलं ते दक्षिणेकडे, नेपल्सच्या बाजूला. १४४२ साली स्पेनमधल्या आरागॉनच्या अल्फान्सो राजानं नेपल्स जिंकलं आणि तिथंच आपला दरबार थाटला. पण नुसत्या राजामुळे नाव टिकत नसतं. राजे जातात आणि त्यांची नावंही मागे पडतात. हे नाव खऱ्या अर्थानं घरोघरी नेलं ते एका साधुपुरुषानं.

१६९६ साली नेपल्सजवळ जन्मलेला अल्फान्सो दे लिग्वोरी हा आधी वकील होता, आणि वकिलीची पदवी त्यानं सोळाव्या वर्षीच मिळवली होती! १७२३ मध्ये एक मोठा खटला हरल्यावर त्यानं वकिली सोडली आणि तो धर्मगुरू झाला. डोंगरातल्या धनगरांत, शेतकऱ्यांत राहून त्यानं काम केलं, १७३२ मध्ये आपला धर्मसंघ काढला. इटलीत नाताळच्या दिवसांत आजही घरोघरी म्हटलं जाणारं एक गाणं त्याचंच आहे. १८३९ साली त्याला संतपद मिळालं. मग काय, नेपल्सच्या मुलुखात दर दोन-चार घरांआड एक अल्फान्सो दिसू लागला. तिकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, अगदी आपल्यासारखीच. त्यामुळे एकदा शिरलेलं नाव घरातून लवकर बाहेर पडत नाही.

आता नावानं माणूस घडतो असं मात्र समजू नका हं! अमेरिकेतला कुप्रसिद्ध गुंड अल कपोन, त्याचं पूर्ण नाव अल्फान्स कपोन. आईबाप याच नेपल्सच्या बाजूचे. संत जिथं वारला, त्याच्या अगदी शेजारच्या गावचे! एकाच नावाचे दोघे, एक संत आणि एक गुंड.

आणि याच नावाचं बाईचं रूप आपल्या देशातही आहे. केरळात कोट्टयमजवळ १९१० साली जन्मलेली अन्ना नावाची मुलगी १९२८ मध्ये मठात दीक्षार्थी झाली. तो दिवस या संत अल्फान्सोच्या सणाचा होता, म्हणून तिनं नाव घेतलं अल्फोन्सा. छत्तिसाव्या वर्षांच्या आत तिचं आयुष्य संपलं. २००८ साली तिला संतपद मिळालं, भारतातली पहिली स्त्री संत म्हणून. लढवय्यांचं नाव एका आजारी, सोशिक मुलीनं घेतलं आणि आज केरळात तिच्या नावानं कितीतरी लेकींची नावं आहेत.

इटलीत मात्र आता वारं बदललंय. २०१८ पासून तिथं नव्या बाळांसाठी लिओनार्दो या नावाची चलती आहे. अल्फान्सो म्हटलं, की तिकडे आजोबा डोळ्यांसमोर येतात. आपल्याकडे पांडुरंग आणि विष्णुपंत म्हटल्यावर येतात ना, तसेच.

आंब्याला हे नाव दिलं कुणी?

आता वळू या कोकणाकडे. शाळेच्या पुस्तकांतून आणि आंब्याच्या जाहिरातींतून आपण एकच गोष्ट ऐकत आलो आहोत. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्क यानं १५१० साली गोवा जिंकलं आणि त्याच्या नावावरून आंब्याला अफोन्सो, त्याचं हापूस झालं. गोष्ट सुटसुटीत आहे. पण जरा सालं तपासून पाहिली, की गाडी अडते.

अल्बुकर्क १५१५ च्या डिसेंबरात गोव्याच्या बंदरात, बोटीवरच वारला. आणि गोव्यात आंब्याची उत्तम कलमं बांधण्याचं श्रेय ज्यांना देतात, ते जेझुइट पाद्री गोव्यात आले १५४२ साली. म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी! ज्याच्या नावाचा म्हणून आपण आंबा खातो, त्यानं स्वतः तो चाखला असण्याची शक्यता फार थोडी.

दुसरा पुरावा देणारा माणूस मोठा गमतीचा आहे. तोही इटलीचाच! निकोलाओ मनुची हा व्हेनिसचा मुलगा, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास घरातून पळाला, बोटीत लपून बसला आणि फिरत फिरत १६५६ मध्ये हिंदुस्थानात आला. दारा शुकोहच्या तोफखान्यात राहिला. पुढे मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत असताना, १६६५ मध्ये, त्याची प्रत्यक्ष शिवाजी महाराजांशी गाठ पडली, बोलणं झालं. त्याचा मोठा ग्रंथ 'असे होते मोगल' या नावानं मराठीतही आला आहे.

या मनुचीनं लिहून ठेवलंय, की उत्तम आंबे गोव्यात होतात आणि त्यांना वेगवेगळी नावं आहेत. ती नावंही त्यानं दिली आहेत. त्यात पहिलंच नाव आहे निकोलाव आफोन्सोचा आंबा! पुढे कुणा परेराचा आंबा, कुणा सरदाराचा आंबा अशी माणसांची नावं येतात. अल्बुकर्कचं नाव त्या यादीत नाही. 'अमक्याचा आंबा' असं आपण कधी म्हणतो? ज्याच्या परसात ते झाड असतं, किंवा ज्यानं ते वाढवलं, त्याचं नाव आंब्याला चिकटतं. तेव्हा मला विचाराल, तर हापूस हे नाव गाव जिंकणाऱ्या सेनानीचं नसून बाग राखणाऱ्या कुणा आफोन्सोचं आहे, हेच मला अधिक पटतं. जामसंड्याच्या भगिनी, तुमच्या सासऱ्यांच्याच जातकुळीतला माणूस म्हणायचा तो!

अफोन्सोचा हापूस कसा झाला, हे तर सोपं आहे. पोर्तुगीज माणूस उच्चार करतो 'अफोंसु'. कानडीत त्याचा झाला आपूस, गुजरातीत हाफूस आणि आपल्याकडे हापूस. आपण पांडुरंगाचा पांडगो करतो, मग अफोन्सोचा हापूस करायला कितीसा वेळ! पायरीसुद्धा जिन्याची पायरी नव्हे बरं का. ते पेरेस या आडनावावरून आलं असं सांगतात. गोव्याचा फर्नांदिन म्हणजे फर्नांडिस. हिलारियो तर सरळसरळ मुलाचं नाव. आंब्याच्या बाजारात उभं राहिलं, की अर्धी हजेरीच घेता येईल!

मग आंबा आमचा की परका?

आता पत्रातल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. तुमच्या मुलाला कलमाजवळ न्या आणि झाडाचा बुंधा दाखवा.

हापूसची कोय पेरून हापूस होत नाही. कोयीतून आलेलं झाड आपल्या मर्जीनं वाढतं, फळ कसं धरेल याचा नेम नाही. म्हणून कलम करावं लागतं. खाली गावच्याच रायवळ आंब्याचं रोप आणि वर हापूसची काडी. जखमेला जखम लावून बांधायचं, दोन्ही एकजीव झाली की झालं कलम. म्हणजे बघा, तुमच्या चाळीसही कलमांची मुळं रायवळची आहेत. कातळाच्या फटींतून पाणी शोधतात ती मुळं इथलीच. वरची काडी कुठूनतरी आलेली, पण तिला शतकानुशतकं इथला जांभा, इथला खारा वारा आणि इथल्या माणसांचे हात मिळालेले आहेत. हीच काडी दुसऱ्या मातीत लावली, की चव बदलते, हे तर बागायतदारांच्या घरात पोरंसोरंही सांगतील.

आपल्यापैकी कितीजणींचं लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं! तीस-चाळीस वर्षं त्याच नावानं हाका ऐकल्यावर ते परकं वाटतं का? काहीजणींना वाटतही असेल, तो वेगळा विषय. पण घरासाठी ज्या खपल्या, त्यांना त्या घरची नाही असं कोण म्हणेल?

आणि परकं नाव नको म्हणायचं, तर स्वयंपाकघर अर्धं रिकामं करावं लागेल! बटाटा, पाव, काजू, अननस, कोबी ही पोर्तुगीजांकडून आलेली नावं. चावी, घमेलं, पिंप आणि पहिल्या तारखेचा पगारसुद्धा! आपला लाडका मिलिंद घ्या. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा. पण इतिहासातला राजा मिलिंद म्हणजे ग्रीक वंशाचा मिनँडर. नागसेन भिक्षूला प्रश्न विचारणारा तो राजा. त्याच्याच नावानं डॉ. आंबेडकरांच्या संस्थेचं औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये सुरू झालं, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत महाराष्ट्रात किती मिलिंद झाले, ते तुम्ही आठवून पाहा. त्यांच्यापैकी कुणाला आपण ग्रीक म्हणतो का?

हापूसला तर आता लेकीही आहेत, आणि त्यांची नावं अस्सल घरची! कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानं नीलम आणि हापूस यांचा संकर करून १९८१ मध्ये जी जात काढली, तिचं नाव रत्ना. तिचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये आली ती सिंधू, अगदी पातळ कोयीची. आजोबा अफोन्सो, मुलगी रत्ना आणि नात सिंधू. घर कुणाचं झालं, सांगा पाहू!

नाव कुणाचं, यापेक्षा नाव राखतं कोण?

पत्राच्या शेवटी या भगिनीनं आणखी एक गोष्ट लिहिली आहे, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. "माझी नणंद पुण्याला असते. तिनं बाजारातून देवगड लिहिलेली पेटी घेतली. आंबे पाणचट निघाले. तिनं मलाच फोन करून सुनावलं, की तुमच्या देवगडचं आता काही खरं नाही. ते आंबे आमच्याकडचे नव्हतेच, पण आता पटवायचं कसं?"

खरं दुखणं हे आहे. नाव चारशे वर्षांपूर्वी कुणाचं होतं, यानं चाळीस कलमांचं काही बिघडत नाही. ते नाव आज कुणीही कुठल्याही पेटीवर चिकटवतो, यानं मात्र घर बुडतं. मोहराच्या वेळी थंडी लांबली, अवेळी पाऊस आला, तुडतुडे पडले, की बागायतदाराचं निम्मं वर्ष जातं. फवारणी, राखण, झेल्यानं एकेक फळ उतरवणं, घरातल्या बायकांनी बसून प्रतवारी करणं, पेट्या भरणं. आणि एवढं करून बाजारात गेलं, तर शेजारी स्वस्तातला दुसरा आंबा आपलंच नाव लावून बसलेला! गिऱ्हाईक फसतं आणि नावं ठेवली जातात ती देवगडला.

याला थोडाफार बंदोबस्त झाला आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या आंब्यालाच ते नाव लावता येतं. देवगड तालुका आंबा उत्पादकांची सहकारी संस्था जामसंड्यातच आहे. तिनं २०२५ च्या हंगामापासून फळावर क्रमांकाची चिकटपट्टी लावायला सुरुवात केली. त्या क्रमांकावरून आंबा कुठून आला, हे पडताळता येतं. पण कायदा आणि चिकटपट्टी यांचा उपयोग घेणारीनं विचारलं तरच! म्हणून शहरांतल्या मैत्रिणींसाठी थोडंसं :

आंबे घेताना

पेटीवरचं नाव वाचून थांबू नका. बागायतदाराचं नाव-गाव विचारा, मानांकनाचा नोंदणी क्रमांक आहे का पाहा. खरा विक्रेता याला रागावत नाही. शक्य असेल, तर ओळखीच्या बागेतूनच पेटी मागवा. पैसे थेट त्या घरात जातात.

नाकावर भरवसा ठेवा. देवगडच्या हापूसची साल पातळ असते आणि पिकल्यावर देठापाशी वास दरवळतो. आत गर केशरी, रेषा नसलेला. सगळी फळं एकसारखी पिवळीधमक आणि वास मात्र नाही, असं दिसलं तर ती पेटी तिथंच ठेवा. कार्बाइडनं आंबे पिकवायला कायद्यानं बंदी आहे, तरी ते होतं.

घाई नसेल तर कच्चे आंबे आणून घरीच आढी घाला. गवताच्या थरावर फळं एकेरी मांडा, देठ वर ठेवा, वरून पुन्हा गवत. जागा हवेशीर हवी. रोज एकदा हात फिरवून तयार झालेलं फळ बाजूला काढा. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका, ते नीट पिकत नाही.

कापल्यावर आत पांढरट, पोकळ असा साका निघाला, तर लगेच बागायतदाराला दोष देऊ नका. साका बाहेरून दिसत नाही, त्यालाही नाही. हापूसची ही जन्मखोड आहे. तेवढा भाग काढून बाकीचा रसाला घ्या.

आणि आंबा बेचव निघालाच, तर जाऊ-नणंदेला फोन करण्याआधी पेटीवरचं नाव-गाव पुन्हा एकदा तपासा. नावं ठेवायच्या आधी नाव बघावं!

जामसंड्याच्या भगिनी, तुमच्या भावाला सांगा, त्या इटालियन अल्फान्सोला हंगामात घरचा एक आंबा नक्की खायला घाल. त्याचं नाव इथं कसं नांदतंय, ते त्याला कळू दे. आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं उत्तर माझ्या एवढ्या लांबणीपेक्षा नेमकं होतं.

जाता जाता सगळ्याच जणींना एक विनंती. हापूसच्या नावाची नोंद मनुचीनं केली. पण परसातल्या रायवळ आंब्यांना नावं देतात त्या घरातल्या बायका. साखऱ्या, बिटकी, गोटी, शेंद्री आणि अशी कितीतरी. ती कुठल्याच ग्रंथात नाहीत, आणि झाड तुटलं की नावही जातं. तुमच्या माहेरच्या, सासरच्या परसातल्या आंब्याचं नाव काय, आणि ते कुणी ठेवलं, हे कार्डावर लिहून पाठवा. आलेली नावं या सदरात छापू.